गुलबास, तेहतीस केव्ही

लाईन बंद आहे.
रजिस्टरात लिहिलंय: अकरा चाळीस. खाली माझी सही.
तरी मी उठतो, यार्डात जातो,
हँडल खाली आहे, कुलूप लागलंय,
किल्ली माझ्याच खिशात टोचते आहे.
परत येऊन बसतो.
खुर्चीला टेकायच्या आत पुन्हा उठतो.

मागच्या चैत्रात भोजराज मेश्राम खांबावर होता
आणि लाईन बंदच होती. चौकशीतही तेच निघालं.
पलीकडच्या राइस मिलच्या जनरेटरमधून
उलटा आला करंट.
माझी चूक नव्हती, हे तीन कागदांवर आहे,
कागद कपाटात आहेत,
कपाटही मी दोनदा उघडून बघतो.

भोजराज वाचला. उजव्या हाताची तीन बोटं तेवढी गेली.
आता आमगावला भावाच्या दुकानात बसतो,
डाव्या हाताने उधारी लिहितो.
भेटला की हसतो.
ते हसणं मला रात्री तीनला जागं करतं,
छातीत कोणीतरी धान कांडत बसल्यासारखं.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, अर्धी गोळी, रात्री.
आणि काही छंद?
कबड्डी, म्हणालो.
त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं, पुढचं लिहिलं.

बिया आणल्या त्या फुलवंता कुमरेनं.
ती झाडझूड करायला येते, रांजण भरते.
रांजणाच्या सांडपाण्यात, कंट्रोल रूमच्या भिंतीशी,
गिट्टी बाजूला सारून तिने काय खुपसलं
मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.
श्रावणात साहेब आले, म्हणाले, हे गवत काढा.
ती झाडू टेकवून उभी राहिली:
'गवत नोहे जी साहेब, गुलबास होय.'
साहेबांच्या नियमात गुलबास नव्हता.
ते जीपमध्ये बसले.

तर मी आता चार वाजता पायरीवर बसतो.
मागे ट्रान्सफॉर्मरची घूं चालू असते,
पुढे तारेपलीकडे निसवलेला धान,
आणि गुडघ्याइतक्या उंचीवर
मिटलेल्या छत्र्या, बोटभर लांबीच्या.
उघडताना दिसत नाहीत.
टक लावून बसलं तरी नाही दिसत.
वासराने कान हलवला म्हणून नजर तिकडे जावी
आणि तेवढ्यात एक उघडलेली.

लोडच्या रजिस्टरात शेवटी काही पानं कोरी असतात.
तिथे लिहायला लागलो:
१६.४० पहिलं. राणी रंग.
१६.५५ त्याच झाडाला पिवळं, त्यावर राणीचा शिंतोडा.
१७.१० मोजणं सुटलं.
'कोणाच्या आदेशाने' असा एक रकाना आहे.
तो रिकामा ठेवतो.

बरा झालो असं म्हणत नाही.
काल सात वेळा उठलो, परवा दोनदा.
पण उठून जाताना वाटेत आता तो वास लागतो,
अंधारात, पोटरीच्या उंचीवर,
आणि मी हँडलपर्यंत पोचायच्या आधी
एक श्वास पुरा होतो.
आधी तो अर्ध्यातच अडकायचा.

आश्विनात भोजराज आला.
फुलवंतानेच सांगितलं असावं.
म्हणाला, बिया दे, दुकानापुढे लावतो.
काळ्या, सुरकुतल्या, मिऱ्यांसारख्या,
मी पंधरा-वीस गोळा केल्या,
त्याने उजवाच हात पुढे केला, सवयीने.
दोन ठरल्या. बाकी गिट्टीत.

काळी गिट्टी, काळ्या बिया.
दोघं उकिडवे बसलो, डोकं डोक्याला लागेल इतके जवळ.
त्याला पाच सापडल्या, मला तीन.
आत फोन वाजला. फीडर गेला असणार.
मी उठलो, थांबलो.

'तू जा,' भोजराज म्हणाला, मान वर न करता,
'मी शोधतो.'